डोंगराचा बाक आणि माझा पट्टा

४ नोव्हेंबर

ही वही खडूने दिली. चौकटीची आहे, जाड पुठ्ठ्याची, पाणी पडलं तरी शाई पसरत नाही म्हणे. डोंगरात आकडे लिहायला तिने सहा आणल्या होत्या, त्यातली एक उरली. म्हणाली, "आजी, तू दिवसभर मला जे जे सांगत असतेस ना, ते यात लिहीत जा. म्हणजे मला अभ्यास करता येईल." मी म्हटलं बरं. माझी शाळा चौथीपर्यंत. जोडाक्षरं चुकतील ती चुकोत, वाचणार कोण आहे!

खडू म्हणजे माझी नात. लहानपणी खडू खायची म्हणून खडू. आता दगडांवर पीएचडी करते. घरात सगळ्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं.

तर झालं असं, की डोंगरात जाताना आकडे लिहायला तिची जी मैत्रीण जायची, तिला नोकरी लागली. आणि खडूचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "एकटी ड्रायव्हर आणि ड्रिलवाल्याबरोबर आठ दिवस जायचं नाही." ती म्हणाली, "बाबा, सहावं वर्ष आहे. एकतीस मार्चला प्रबंध दिला नाही तर नाव काढून टाकतील. मग सहा वर्षं पाण्यात." तो म्हणाला, पाण्यात कशी, दगडात. त्याला वाटतं तो विनोदी आहे.

मी म्हटलं, मी जाते.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जशी काही खुर्चीच बोलली.

६ नोव्हेंबर

आज खडूच्या कॉलेजात गेले. तिच्या गाइडना सगळे मोठ्या बाई म्हणतात. दिसायला खारीएवढ्या आहेत आणि तशाच मान वळवतात. त्यांनी मला कामाला घ्यायचं का ते ठरवायला बोलावलं होतं. मला म्हणाल्या, "आजी, काम समजून घ्या." आणि समजावलं. मला समजलं, ते लिहून ठेवते.

आपण जो डोंगर बघायला जाणार तो नकाशावर कोपरासारखा वाकलाय. साठ अंश. प्रश्न एवढाच, की तो जन्मतःच वाकडा की आधी सरळ होता आणि मग वाकला. दगड तयार होतो तेव्हा त्यातले लोखंडाचे बारीक कण उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि तसेच घट्ट होतात. लाखो वर्षं. पुढे डोंगर वाकला तर कणांची तोंडंही त्याच्याबरोबर वळणार. जन्मतःच वाकडा असेल तर दोन्ही बाजूंच्या कणांची तोंडं एकाच दिशेला असणार.

मी म्हटलं, "म्हणजे कॉलरसारखं." त्या म्हणाल्या, काय? मी चाळीस वर्षं शिलाई केली. कॉलर गोल कापली तर कापडाचे धागे सरळच राहतात. सरळ पट्टी घेऊन इस्त्रीने वळवली तर धागेही वळतात. धागा बघितला की कळतं कापलीय की वळवलीय. मोठ्या बाई खडूला म्हणाल्या, "हे तू मला सहा वर्षांत इतकं नीट सांगितलं नाहीस."

त्यांचं स्वतःचं मत वीस वर्षांपासून आहे, की डोंगर सरळ होता आणि मग वाकला. मी विचारलं, "थोडा कापला थोडा वळवला असं नाही का? सगळे शिंपी तसंच करतात." त्या हसल्या. कामाला घेतलं.

९ नोव्हेंबर

डोंगर मोठा आहे. वाकलाय वगैरे जवळून काही कळत नाही.

काम असं. ड्रिलवाला पाण्याच्या मशीनने खडकात भोक पाडतो, आत बोटाएवढा दगडाचा दंडगोल सुटा होतो. तो काढायच्या आधी त्यावर पितळी नळी बसवायची. नळीवर होकायंत्र. त्यात बघून भोक कुठल्या दिशेला गेलंय तो आकडा लिहायचा, मग दगडावर रेघ मारायची, मग बाहेर काढायचा. रेघ नसेल तर दगड फुकट. कुठे बघत होता ते त्यालाच माहीत.

दगडांना ठेवायला मी शंभर पिशव्या शिवून आणल्यात, नाडीच्या. ड्रिलवाला म्हणाला, "आजी, एवढे लाड माझ्या पोरांचे पण कुणी नाही केले."

लोखंडाचं काही जवळ ठेवायचं नाही, नाहीतर होकायंत्राची सुई बिघडते. खडूने मला दहा वेळा सांगितलं. मी किल्ल्यांचा जुडगा, कात्री, सुयांची डबी आणि केसातल्या सगळ्या पिना काढून ड्रायव्हरकडे दिल्या. दिवसभर केस तोंडावर. पण काम म्हणजे काम. खडूने माझे पहिले पाच आकडे स्वतः बघून तपासले. पाचही बरोबर! मग म्हणाली, आता तू बघ, मी पुढचं भोक धरते.

१२ नोव्हेंबर

पश्चिमेचा हात संपला. आज पूर्वेच्या हाताला आलो. (बाकाच्या दोन बाजूंना हातच म्हणतात.) ढग आहेत. खडूला सावलीवरून पण एकदा दिशा तपासायची होती, पण सूर्यच नाही तर सावली कुठली.

काल संध्याकाळी माझी कंबर धरली. आज हाडांच्या डॉक्टरने दिलेला पट्टा बांधला. छान रुंद, कापडी, मऊ. आत चार पट्ट्या शिवल्यात, ताठ राहायला. डॉक्टरने सांगितलंय, पट्टा धुवायचा नाही, नाहीतर त्या गंजतात. इथे धुवायचा प्रश्न नाही.

या बाजूला कडा उभा आहे म्हणून मी कड्याला पाठ टेकून बसते, भोक माझ्या मांडीसमोर. पण टेकलं की पट्ट्या पाठीत रुततात. म्हणून मी पट्टा फिरवून घेतला, पट्ट्या पोटावर. आता काय आराम आहे! चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यामुळे होकायंत्रावर अगदी ओणवं होऊन बघावं लागतं, तेव्हा पट्ट्या जरा टोचतात. चालायचंच.

आज एकवीस आकडे लिहिले. खाडाखोड एक.

१४ नोव्हेंबर

पूर्वेचा हात पण संपला. तीन दिवस पट्टा एकदाही काढला नाही, आंघोळ सोडून. ड्रिलवाला म्हणाला, "आजी, तुमच्यामुळे दोन दिवस आधी सुटलो." डब्यातली शेवटची चकली मी त्याला दिली. ड्रायव्हरने पिना परत केल्या, त्यात चार कमी होत्या. तो म्हणतो तेवढ्याच होत्या.

२ डिसेंबर

लॅबमध्ये दगड भाजतात. खोटं नाही, भट्टीत. शंभर अंशाला भाजायचे, गार करायचे, मोजायचे. मग दीडशेला. मग दोनशेला. नंतर चिकटलेलं चुंबकत्व आधी जळतं आणि जुनं, खरं, शेवटी उरतं. माणसांच्या बाबतीत असं काही यंत्र नाही ते बरंच आहे.

मोजायच्या यंत्राच्या खोलीत मला सोडत नाहीत. दारातून बघितलं. पिशव्या ओळीने टांगल्यात. नाड्या सगळ्यांना आवडल्या.

२० जानेवारी

आज खडू घरी आली ती ओरडतच! पश्चिमेचे कण एकीकडे बघतायत आणि पूर्वेचे भलतीकडे. दोघांत फरक चोपन्न अंश. डोंगर साठ अंश वाकलाय आणि कण चोपन्न वळलेत, म्हणजे तो जवळजवळ पूर्ण सरळ होता आणि मग वाकला. मोठ्या बाईंचं वीस वर्षांचं म्हणणं खरं ठरलं. त्यांनी खडूला मिठी मारली म्हणे. खडूला वाकावं लागलं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे आता होईल?" खडू म्हणाली, "बाबा, आता फक्त लिहायचं राहिलं." तो उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. दगडात, पाण्यात, काही बोलला नाही.

तेवढ्यात मी म्हटलं, माझे आकडे चांगले निघाले की नाही? खडू म्हणाली, "आजी, पूर्वेचा हात तर सगळा तुझाच आहे."

झोपेपर्यंत मी हे वाक्य आठवून आठवून हसत होते.

३ फेब्रुवारी

खडूने मला बक्षीस म्हणून तिचं जुनं होकायंत्र दिलं. काच तडकलीय पण सुई चांगली फिरते. मी दाराच्या पायरीवर बसून आमचा रस्ता मोजला. रस्ता बासष्ट अंशावर जातो. शेजारीण म्हणाली, कुठे जातो? मी म्हटलं, बासष्टवर. ती आत गेली.

कंबर पुन्हा कुरकुरतेय. पट्टा आहे बांधलेला, मला सवय झालीय तसा, उलटा.

५ फेब्रुवारी

आज मोठी गंमत झाली. सकाळी आंघोळ झाल्या झाल्या पायरीवर उन्हात बसले, पट्टा अजून बांधायचा होता. सहज रस्ता मोजला. चाळीस अंश! परवा बासष्ट, आज चाळीस. दुपारी जेवून, पट्टा बिट्टा बांधून पुन्हा मोजला, तर बासष्ट! घर हलतंय. डोंगर हलतात तर घराने काय पाप केलंय. सकाळी एकीकडे तोंड, दुपारी दुसरीकडे, सूर्यफुलासारखं. मी दोन्ही आकडे लिहून ठेवले.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, तुझं डोकं हलतंय." सून हसली. मी म्हटलं, हसा. आंघोळ झाल्यावर चाळीस, पट्टा बांधल्यावर बासष्ट, दोनदा बघितलंय.

खडूचा घास हातातच राहिला.

म्हणाली, "आजी, पट्टा दे." मला वाटलं, हिचीही कंबर धरली. एवढ्या तरुणपणी! मी सोडून दिला. तिने होकायंत्र टेबलावर ठेवलं आणि पट्टा जवळ नेला. सुई पट्ट्याकडे वळली. मागे नेला, परत गेली. जवळ आणला, पुन्हा वळली. मी टाळ्या वाजवल्या. घर हलत नव्हतं तर!

मग तिचं तोंड बघितलं आणि टाळ्या बंद केल्या.

"डोंगरात कधी बांधला होतास?"

मी वही आणली. वाचून दाखवलं. बारा नोव्हेंबर, पट्ट्या पोटावर, काय आराम आहे. चौदा नोव्हेंबर, आंघोळ सोडून एकदाही नाही. ती जमिनीवर बसली. पूर्वेचा सगळा हात.

६ फेब्रुवारी

मी रडले नाही, पण चहा दोनदा उतू घालवला.

किल्ल्या काढल्या, कात्री काढली, पिना काढल्या. पट्टा कापडाचा म्हणून डोक्यातच आलं नाही. जन्मभर कपडे शिवले, आत काय शिवलंय ते बघायची माझी सवय, आणि स्वतःच्या अंगावरचा पट्टा एकदा उसवून बघितला नाही! खडू म्हणते, "चूक माझी आहे, मी पश्चिमेला तपासलं, पूर्वेला तपासलं नाही." दोघीही एकमेकींना 'माझी माझी' म्हणत होतो.

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "हे कुणाला कळणार आहे? कणांचं बरोबर आलंय ना, बाईंना हवं तसं? पट्टा घरात आहे, घरातच राहू दे. त्रेपन्न दिवस राहिलेत." वाईट मनाने नाही म्हणाला. सहा वर्षं त्यानेही मोजलीत.

खरं लिहायचं तर मलाही क्षणभर तेच वाटलं. मग एक कोट आठवला. एका मास्तरांना शिवून दिला होता, डावी बाही अर्धं बोट आखूड. त्यांच्या घरी लग्न होतं, वेळ नव्हता, मी तसाच दिला. त्यांना कळलं नाही. पण पुढची वीस वर्षं ते रस्त्यात भेटले की डावी बाही ओढत असायचे. प्रत्येक वेळी. मला नमस्कार करायचे आणि बाही ओढायचे.

हे खडूला सांगणार होते. बघते तर ती चपला घालून निघालेली, पट्टा पिशवीत.

७ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी मला बोलावलं, वहीसकट. वाटलं ओरडा खायचाय. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मला सहा नोव्हेंबरचं आठवलं पण तोवर उशीर झाला होता.

"खार?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "खार चांगली असते."

त्यांनी पान उलटलं. सगळं वाचून झाल्यावर पट्टा हातात घेऊन त्यातली एकेक पट्टी चाचपली. वीस वर्षं. खडू खिडकीतून बाहेर बघत होती. मग बाई म्हणाल्या, "आजी कशाला टेकून बसली होती, पट्टा कुठल्या बाजूला होता, कुठल्या तारखेला, सगळं आहे यात. तुझ्या वहीत एवढं नाही." मग म्हणाल्या, "भोकं कुठे गेलीत?"

खडू म्हणाली, "कुठली?"

"डोंगरातली. दगड काढून आणले, भोकं तिथेच आहेत ना? ती काय आपल्याबरोबर आली? जाऊन पुन्हा मोज. पण आधी आजींना मोजू."

९ फेब्रुवारी

मला मोजलं.

कॉलेजच्या मैदानाच्या मधोमध लाकडी स्टूल. त्याला खिळे आहेत का ते मोठ्या बाईंनी उलटं करून पाहिलं. मी त्यावर, पट्टा उलटा, समोर होकायंत्र. एका दिशेला तोंड करून बसायचं, ओणवं व्हायचं, खडूने सुई बघायची, मग मी उठायचं, स्टूल जरासं फिरवायचं, पुन्हा बसायचं. छत्तीस वेळा.

"आजी, आता ईशान्येला बघा."

मी मान वळवली.

"मान नको. पोट."

पोरं गच्चीतून बघत होती. कुणीतरी ओरडलं, "काय मोजताय?" बाई वर न बघता म्हणाल्या, "आजी."

एका दिशेला मी सुई चार अंश फिरवते, एका दिशेला काहीच नाही आणि कड्याला पाठ टेकून जशी बसले होते तशी बसले की बावीस-तेवीस. घरी येऊन पट्टा उसवला. चारही पट्ट्या काढल्या आणि जुन्या पडद्याच्या बांबूच्या कामट्या तासून घातल्या. दुहेरी शिलाई. खडूने होकायंत्र लावून बघितलं, मेलं तरी हलेना.

२० फेब्रुवारी

पुन्हा डोंगर. तोच ड्रायव्हर, ड्रिलवाला नाही कारण पाडायचं काही नव्हतं. मुलगा आला. कुणी म्हटलं नव्हतं. त्याने सुट्टी काढली आणि पाण्याचे कॅन उचलून चालायला लागला.

त्रेसष्ट भोकं. पाला साचला होता, एकात कोळी राहायला आला होता. मुलगा कोळ्याला काडीवर घेऊन बाजूला सोडायचा, खडू नळी घालायची, मी आकडा लिहायचे. ऊन होतं, म्हणून काठीच्या सावलीवरूनही तपासलं. या वेळी खडूने प्रत्येक आकडा स्वतः बघितला. मला राग नाही आला. थोडा आला.

मुलाने एका भोकात बोट घालून विचारलं, "यात इतका जुना दगड होता?" खडू म्हणाली, तीन कोटी वर्षं. तो म्हणाला, "आणि त्याला अजून उत्तर कुठे ते माहीत आहे." मग सगळ्या भोकांत बोट घालत गेला.

१८ मार्च

सगळं पुन्हा मांडलं. भोकांचे नवे आकडे आणि मैदानात मला मोजून केलेल्या तक्त्याने दुरुस्त केलेले जुने आकडे एकमेकांशी जुळले. दोन्ही हातांतला फरक एकतीस.

म्हणजे डोंगर साठ अंश वाकडा, त्यातला निम्मा वाकडेपणा जन्माचा आणि निम्मा नंतर आलेला. थोडा कापलेला, थोडा वळवलेला. चोपन्नमधले वरचे तेवीस माझे.

मी खडूला म्हटलं, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "सांगितलं होतंस." मोठ्या बाईंना वीस वर्षांचं सगळं बदलून लिहावं लागणार. फोनवर मला म्हणाल्या, "आजी, शिंपी असं का करतात? थोडं कापणं, थोडं वळवणं?"

मी म्हटलं, नुसतं वळवलं तर कापडाला चुण्या पडतात. नुसतं कापलं तर मानेला बसत नाही.

पलीकडे लिहिल्याचा आवाज येत होता.

३१ मार्च

दिला. साडेचारला. पाचला खिडकी बंद होते. मुलगा बाहेर स्कूटर चालू ठेवून उभा होता, अर्धा तास, पेट्रोल जाळत.

२६ मे

तोंडी परीक्षा. मला शेवटच्या रांगेत बसवलं, म्हणजे मी बोलणार नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळून खडूला विचारलं, "परिशिष्ट तीनमध्ये जो तक्ता आहे, आजीचा, त्या हयात आहेत का?"

मी उभी राहिले. "आहे की."

सगळे मागे वळले. ते म्हणाले, "आणि पट्टा?"

"आज बांबूचा आहे," म्हटलं, आणि पोटावर टकटक करून दाखवलं.

ते म्हणाले, "मी तीस वर्षं लोकांचे आकडे तपासतोय. आपला आकडा का चुकला आणि किती चुकला हे लिहून देणारी ही पहिली." मग खडूला अजून दोन तास प्रश्न विचारले, त्यातलं मला काही कळलं नाही, तिला कळत होतं. शेवटी हात मिळवला. डॉक्टर म्हणाले तिला. हाडांच्या नाही, दगडांच्या.

मुलाने खिशातून पांढरा खडू काढून तिच्या हातात ठेवला. कुठल्या वर्गातून उचलला कोण जाणे. तिने चावल्यासारखं केलं आणि मग दोघंही रडायला लागले. मी नळावर गेले.

२ जून

छापलेली प्रत घरी आली. निळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. मी परिशिष्ट तीन उघडून ठेवलंय, येईल त्याला दाखवते. गोल आकृती आहे, मध्ये स्टूल, भोवती छत्तीस रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे आकडा: या दिशेला तोंड करून आजी बसली तर सुई इतके अंश चुकते.

सून म्हणाली, "आई, यात मिरवण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, माझ्या शेजारी बसलं की माणूस किती बहकतो, हे मोजून, छापून झालंय. घरातल्या बाकी कुणाचं अजून मोजलेलं नाही.